एज ऑफ एम्पायर्स २ आज नव्याने खेळायला घेतला, तर फार उशीर झाला आहे का?

१९९९ साली आलेला, वसाहत उभारून सैन्य लढवण्याचा हा संगणकीय खेळ आता प्रथमच हाती घेतला, तर तो वर्षानुवर्षे खेळत आलेल्यांपुढे आपला निभाव लागेल का आणि त्याआधी पहिला भाग खेळणे आवश्यक आहे का, असे तुम्ही विचारले आहे. दुसरी शंका लगेच मिटवता येते. पहिला भाग प्राचीन काळाचा आहे आणि दुसरा मध्ययुगाचा. एकाचे कथानक दुसऱ्यात पुढे जात नाही, त्यामुळे २०१९ सालची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती, घेऊन थेट तेथूनच सुरुवात करावी.

पहिल्या शंकेबाबत मी इतकेच म्हणेन की जुन्या खेळाडूंची आघाडी नवख्यांना वाटते तशी लढाईत नसते, ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या कारभारात असते. नेहमीच्या डावात बहुतेक संस्कृतींना (म्हणजे निवडता येणाऱ्या लोकसमूहांना) आरंभी एक टाउन सेंटर (वसाहतीची मुख्य इमारत), तीन व्हिलेजर (कामकरी), टेहळणीसाठी एक घोडेस्वार स्काउट आणि २०० अन्न मिळते. एक व्हिलेजर तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, म्हणजे चौघांची रांग तत्काळ लावता येते. मात्र टाउन सेंटरमध्ये जागा पाचजणांपुरतीच आणि स्काउट धरून चारजण आधीच असल्यामुळे त्याच क्षणी दोन व्हिलेजर घरे बांधायला पाठवले नाहीत, तर रांग पहिल्याच माणसानंतर अडते. जाणता खेळाडू हे करता करता मेंढ्या टाउन सेंटरला खेटून आणतो, म्हणजे मांस वाहून नेण्यात वेळ जात नाही. नवखा त्या वेळी सैन्य कोणते उभारावे याच्या विचारात असतो. टाउन सेंटर दोन मिनिटे रिकामे राहिले, तर जवळपास पाच व्हिलेजर कमी पडतात आणि पुढे कितीही शौर्य गाजवले तरी ती तूट सहसा भरून निघत नाही.

ही सवय अंगी बाणवण्याची सोय आता खेळातच आहे. विल्यम वॉलेसची शिकवणीची मोहीम १९९९ पासूनच होती. ती माणसे हलवणे, शेती, बांधकाम हे नीट शिकवते, पण वेगाविषयी फारसे बोलत नाही. ती उणीव डेफिनिटिव्ह एडिशनमधील आर्ट ऑफ वॉर या सरावांनी भरून काढली. सुरुवातीची अर्थव्यवस्था, कॅसल एज (खेळातील प्रगतीचा तिसरा टप्पा) लवकर गाठणे, लवकर आलेला हल्ला परतवणे असे एकेक सुटे सराव तेथे आहेत आणि कामगिरीप्रमाणे कांस्य, रौप्य वा सुवर्णपदक मिळते. अर्थव्यवस्थेच्या सरावात रौप्यपदक मिळेपर्यंत दुसरे काही खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुभवी मंडळी बहुधा सेकंदासेकंदाचा बिल्ड ऑर्डर, म्हणजे कोणते काम केव्हा करायचे याचा ठरीव क्रम, पाठ करायला सांगतात. तो सल्ला मला पटत नाही, कारण शिकार करताना रानडुकराने एक व्हिलेजर मारला की पाठांतर तेथेच कोलमडते आणि पुढे काय करावे ते सुचत नाही.

संस्कृती फ्रँक्स निवडा. त्यांचे घोडदळ चिवट असते, किल्ले स्वस्त पडतात आणि शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या पुरवणी भागामधील राजेंद्र चोळाची मोहीम आपल्याला साहजिकच खुणावते, परंतु ती थोडी थांबू शकते. (मराठे एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये नाहीत; त्याचा काळ साधारण सोळाव्या शतकाअखेर संपतो.)

त्यानंतर संगणकाविरुद्ध मॉडरेट पातळीवर जिंकू लागलात की रँक्ड, म्हणजे इतर खेळाडूंविरुद्धचे गुणांकनाचे, ऑनलाइन सामने खेळा. तेथे प्रत्येकाची सुरुवात १००० गुणांनी होते, म्हणून पहिले काही सामने बहुधा हराल. गुण उतरले की तुमच्याच बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळू लागतात. उघड्या लॉबीत, म्हणजे एखाद्या खेळाडूने स्वतः यजमान होऊन भरवलेल्या सामन्यात, मात्र असा मेळ कोणी घालून देत नाही आणि तेथे नवख्याला सामना सुरू होण्यापूर्वीच बाहेर काढणारे यजमान भेटतात. तेथे जायचेच असेल, तर आपण नवीन असल्याचे आधी लिहावे. बरेच जुने खेळाडू अशा वेळी आपल्या संघात घेतात आणि सामना संपल्यावर रेकॉर्डिंग पाहून कोठे चुकले तेही सांगतात.