परख सर्वेक्षणात मुलीला किती मार्क पडले?

हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांना काय येतं, काय अडतं हे तपासणारं परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यानंतर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारे एक वडील सहावीतल्या मुलीला घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, पोरगी धड जेवत न्हाई ओ. निकाल कुठं बघायचा तेवढं सांगा."

पोरीनं गणिताचे काही प्रश्न कोरे सोडले होते. त्याआधी कित्येक दिवस वर्गात सराव चालला होता, 'शाळेचं नाव राखा' म्हणून बजावलं होतं. "कोल्हापूरचा नंबर माझ्यामुळं खाली जाणार," एवढं बोलून ती रडायला लागली.

आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड मोठं. गुणवत्ता यादी, फ्लेक्स, सत्कार हेच डोळ्यांसमोर असतं, त्यामुळं परीक्षा झाली की नंबर लागणारच असं घराघरांत धरून चालतात. या सर्वेक्षणात विद्यार्थ्याचं गुणपत्रक निघतच नाही. ७८१ जिल्ह्यांतल्या सुमारे ७४ हजार शाळा नमुना म्हणून निवडल्या होत्या. त्यांतली २१ लाखांवर मुलं बसली. सगळ्यांच्या हातात एकच प्रश्नपुस्तिका नसते. प्रश्न वेगवेगळ्या पुस्तिकांत विभागलेले असतात, म्हणून एकेका मुलावर फार भार न टाकता बऱ्याच क्षमता तपासता येतात. अहवाल येतो तो जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा.

वडील लगेच म्हणाले, "म्हंजे आमच्याकडं हीटमधनं, एका खेपेला वितळवलेल्या मेटलमधनं, तपासायला टेस्ट बार काढत्यात तसं. बारला कोण शिव्या देत न्हाई, मेटल कसं हाय ते बघायचं असतंय."

मुलीनं विचारलं, "मग कोरे सोडलेले प्रश्न?"

मी म्हटलं, येत नव्हतं ते सोडलंस, यात काहीही चुकलेलं नाही. मुलांना कुठं अडतंय हे सरकारला कळावं, यासाठीच हा सगळा खटाटोप. मला राग येतो तो सर्वेक्षणापुरत्या घोकंपट्टीचा. त्या घोकंपट्टीनं आकडा फुगतो, जिल्ह्याला कुठल्या विषयात मदत हवी ते झाकलं जातं, आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या पोटात गोळा येतो.

कोरे राहिलेले प्रश्न अपूर्णांकांचे होते. वडिलांना सांगितलं, शाळेत सर्वेक्षणाचा विषय काढू नका. 'हिचं अपूर्णांकांत कुठं अडतंय, बघता का?' एवढंच बाईंना विचारा. बाईंनी वही उघडली. छेद वेगळे असले की ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत होती. मग त्यांनी तिला कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालायला लावून अर्धा आणि पाव पुन्हा मोजायला बसवलं.