मृत्युपत्राचं नाव काढलं की पोरं उठून जातात

प्रश्न : वकीलताई, आमचे हे ७३ चे, मी ६८. नाशिकला ह्यांनी रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशातून घेतलेला टूबीएचके आहे, निफाडला अडीच एकर शेत आहे ते सासऱ्यांकडून आलेलं, शिवाय थोड्या एफडी आहेत, त्यांना मुलगा नॉमिनी. मुलगा-सून आमच्याजवळच राहतात, मुलगी नागपूरला. फ्लॅट मुलाच्या नावे करावा असं ह्यांच्या मनात आहे कारण आमचं दवाखान्यापासून सगळं तोच बघतो. दिवाळीत सगळे जमले म्हणून ह्यांनी विषय काढला तर मुलगा म्हणाला बाबा सणासुदीला काय अभद्र बोलताय, सून ताटं उचलून आत गेली, आणि मुलगी तेव्हापासून फोनवर तुटक तुटकच बोलते. आता हे म्हणतात गुपचूप करून कपाटात ठेवून देऊ, नंतर उघडतील. चालेल का?

ता. क. : माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या तेही ह्यांनीच यादीत लिहून टाकलंय.

उत्तर : काकू, कायद्याने चालेल. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे (तरी कराच, खर्च फार नाही). काकांची सही आणि दोन साक्षीदार ज्यांनी ती बघितली आणि काकांसमोर स्वतःही सह्या केल्या, एवढं पुरतं. साक्षीदार बाहेरचे घ्या, ज्याला काही मिळणार त्याला नको.

पण गुपचूप नको. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, वडिलांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन. तीन पानं, आणि त्यांच्या वाट्याला त्यातली एक ओळ, 'मुलीच्या लग्नात योग्य तो खर्च केला आहे, सबब तिला काही देणे नाही.' त्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाल्या, मॅडम ह्यात हॉलचं भाडं पण धरलं असेल का हो? त्या बाईला फ्लॅट नकोच होता, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, तरी भावाशी कोर्टात भांडल्या, आणि आता राखीला एकमेकांकडे जात नाहीत. वडिलांनी हयातीत एकदा समोर बसवून सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या, रागावल्या असत्या, पण कोर्टापर्यंत आल्या नसत्या असं मला तरी वाटतं.

तेव्हा दोघं नागपूरला जा. फोनवर नको, मुलासमोर नको, जावईबापू ऑफिसला गेलेले असताना बोला. भाऊ आमचं करतो म्हणून फ्लॅट त्याला, तुला हे हे देतोय, असं सरळ सांगा आणि मग ती काय म्हणते ते गप्प बसून ऐका, काकांना मध्ये बोलू देऊ नका. आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्रावर सही मात्र मागू नका, ती घाई फार घरांत नडलीय.

शेताचं वेगळं आहे. ते वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क जन्मापासूनच, मुलाइतकाच. २००५ ला कायदा बदलला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने त्यावरचा घोळही संपवला. मग काका फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतात. आधी सातबारा आणि जुने फेरफार काढून जमीन त्यांच्या नावावर नेमकी कशी आली ते वकिलाला दाखवा. आणि मुलाला आत्ताच सांगा की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँक पैसे त्याच्या हातात देईल पण ते वारसांचे किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याचे. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय. बरेच मुलगे नॉमिनी आहोत म्हणजे पैसे आपलेच असं धरून चालतात आणि मग बहिणीची नोटीस आली की चकित होतात.

आता मला खटकलेली गोष्ट. एवढं मोठं पत्र लिहिलंत, मुलगा आला, मुलगी आली, सुनेची ताटंसुद्धा आली, पण काकांच्या मागे तुम्ही कुठे राहणार ते कुठेच नाही. फ्लॅट थेट मुलाच्या नावे झाला तर त्या घरात तुम्ही त्याच्या मर्जीने राहणार, तो कितीही गुणी असला तरी. मृत्युपत्रच केलं नाही तर सासूबाई हयात नाहीत असं धरून तुम्ही, मुलगा, मुलगी, तिघांना सारखा वाटा मिळतो, म्हणजे मृत्युपत्र करून तुमचाच वाटा जाणार! आधी फ्लॅट तुम्हाला, तुमच्या पश्चात मुलाला, किंवा निदान हयातभर राहण्याचा हक्क तुम्हाला असं लिहून घ्या, शब्द वकिलाकडूनच बसवा कारण एका शब्दाने अर्थ बदलतो. नागपूरचं तिकीट काढायच्या आधी हे काकांशी बोला, रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून.

आणि पाटल्यांची ओळ त्यांना आजच खोडायला लावा. माहेरच्या असोत नाहीतर लग्नात अंगावर घातलेल्या, ते तुमचं स्त्रीधन आहे, त्या कुणाला द्यायच्या ते तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात येईल, आणि ते काकांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.