अमानत, अनामत आणि निरोपाची दुआ

प्रश्न असा आलाय की कामासाठी परदेशी निघालेल्याला निरोप देताना मुस्लिम घरांत जी दुआ म्हणतात, 'अस्तौदिउल्लाह दीनक व अमानतक व खवातीम अमलिक', त्यातल्या 'अमानत'ला मराठीत प्रामाणिकपणा म्हणायचं की जबाबदारी, आणि आपल्या 'अनामत'शी तिचा काही संबंध आहे का.

संबंध कसला, तोच शब्द आहे! आणि ते 'अ + नाम, म्हणजे नाव न लावता ठेवलेली रक्कम' कृपा करून आता बंद करा, ऐकून कान किटले. अनामत रकमेच्या पावतीवर नाव असतंच की, नाहीतर परत कोणाला देणार? अरबी अमानत, बोलता बोलता म आणि न ची अदलाबदल झाली आणि अनामत तयार. नुकसानचं नुस्कान होतं, मतलबचं मतबल होतं, तसंच. फक्त नुस्कान बोलीतच राहिलं आणि अनामत थेट सरकारी कागदांवर जाऊन बसली.

मूळ धातू अ-म-न. इमान, बेइमान, अमीन सगळे तिथलेच, आपल्या 'इमानेइतबारे'तलं इमानही. विश्वासानं दुसऱ्याच्या हाती सोपवलेली गोष्ट ती अमानत. कुराणात (4:58) अमानती ज्यांच्या त्यांना परत करा असं सांगितलंय, आता प्रामाणिकपणा कसा परत करणार सांगा. 622 मध्ये पैगंबर मक्का सोडून निघाले तेव्हा लोकांच्या ठेवी परत करायला त्यांनी आपले चुलतभाऊ अलींना मागे ठेवलं, असं सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रात येतं.

पण खरी गंमत पहिल्याच शब्दात आहे आणि तिकडे कोणी बघत नाही. अस्तौदिउ, धातू व-द-अ, ह्याच धातूतून वदीअत म्हणजे ठेव आणि ह्याच धातूतून 'अलविदा'! म्हणजे मागे राहणारा म्हणतो, तुझा दीन म्हणजे धर्म, तुझी अमानत मी अल्लाहकडे ठेव म्हणून ठेवतो, आणि निघणारा उत्तर देतो ते पण ठेवीच्याच भाषेत, ज्याच्याकडच्या ठेवी कधी हरवत नाहीत त्या अल्लाहकडे मी तुम्हाला सोपवतो. दोघं एकमेकांना ठेवून देतायत. माझं तर ठाम मत आहे की निरोप म्हणजेच सोपवणं, हा अर्थ त्या धातूच्या पोटातच आहे. विदा म्हणजे नुसतं 'सोडणं' असं सांगणारे जाणकार आहेत, धातूचा तो अर्थ आहेच, नाही कोण म्हणतंय, पण ही दुआ समोर असताना तेवढ्यावर थांबणं म्हणजे अर्धंच वाचणं झालं.

हां, तर मूळ प्रश्न. दहाव्या शतकातले हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे, भाष्यकार खत्ताबी इथल्या अमानतचा अर्थ मागे राहिलेली घरची माणसं आणि कोणाकडे सोपवून ठेवलेला माल असा देतात. परदेशात राहून ज्याला घर चालवायचंय त्याच्यासाठी ह्याहून नेमका शब्द कुठला? तेव्हा 'प्रामाणिकपणा' सपशेल चूक. 'जबाबदारी' चालेल, पण ती 'शुद्ध मराठी' म्हणून सुचवू नका, जवाब अरबी आणि दार फारसी. मी सरळ 'ठेव' लिहीन.

आणि 'खवातीम' हे खातिमाचं अनेकवचन, आपला 'खात्मा' तिथूनच आलाय, पण भाषांतरात कामांचा खात्मा लिहून ठेवू नका, तिथे कामांचा शेवट एवढंच म्हणायचंय.