अ‍ॅलिगेटरच्या कवटीवरून त्याची लांबी कशी काढतात?

सातने गुणा, झालं. वरची कवटी टेबलावर ठेवायची, नाकाच्या टोकापासून सपाट माथ्याच्या मागच्या कडेपर्यंत मधोमध सरळ अंतर घ्यायचं आणि सातपट करायची. खालचा जबडा अजिबात मोजू नका, तो कवटीच्याही मागे जातो.

एवढं ठासून सांगतोय, कारण मुंबईतल्या एका कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये मी २९ वर्षं अटेंडंट होतो. काचेच्या कपाटात एक कवटी होती, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्याही आधीची. दोन दात फेविकॉलने चिकटवलेले, नाकपुडीत कायम खडूची भुकटी. खाली चिठ्ठी : 'अ‍ॅलिगेटर, लांबी १४ फूट.' तपासणीची कमिटी येणार म्हणून सरांनी जातीने माप घेतलं होतं. शिंप्याची टेप खालच्या जबड्यावरून थेट मागच्या टोकापर्यंत नेली, ५२ सेंटिमीटर आले, त्याला आठने गुणलं. मी म्हटलं, सर, वरची कवटी ४२ भरते. सातपट २९४, म्हणजे पावणेदहा फूटसुद्धा नाही. सगळ्या पोरांसमोर सर म्हणाले, "तुम्ही बरण्या पुसा."

पुसल्या.

बरं, ती अ‍ॅलिगेटरची नव्हतीच! अ‍ॅलिगेटर अमेरिकेत आणि चीनमध्ये. आपल्या पवई तलावात आहे ती मगर. तिचं तोंड रुंद, म्हणून शिकलेली माणसंही फसतात. वरच्या जबड्याच्या कडेला खालच्या चौथ्या दातासाठी खाच दिसली की मगर. अ‍ॅलिगेटरचा तो दात आतल्या खळग्यात बसतो, तोंड मिटलं की दिसत नाही. आमच्या कवटीला खाच होती, बोट जाईल एवढी. रिटायर झालो त्या दिवशी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून आलोय : मगर, २९४.

जिवंत अ‍ॅलिगेटर असेल तर डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट. लांबूनच बघा.

हां, सात हा अंदाजच. कवटी वाळली की थोडी आकसते, शेपटीचं टोक मारामारीत तुटलेलं असू शकतं, आणि लांब चोचीच्या सुसरीला हा हिशोब लावूच नका. फार मोठ्या नरात आकडा आठकडे सरकतो, हेही खरं. पण ४२ची आठपट ३३६ होते, सर. अकरा फूट. १४ नाही.