दोनदा अलाइनमेंट करूनही पुढचे टायर आतून झिजतात, चूक नेमकी कुठे आहे?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो. पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, १४ इंची रिम, नवे टायर टाकून १८,००० किलोमीटर झालेत. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली आहे, बाहेरची अजून शाबूत आहे. स्टीअरिंग सरळ आहे, गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही. इंदूरमध्येच दोन दुकानांत अलाइनमेंट झालं, दोन्हीकडे स्क्रीनवर सगळं हिरवं आलं. आता तिसरा म्हणतो, ‘भिया, कॅम्बर आउट है’, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल चुकलाय, आणि तो जुळवणारा कॅम्बर बोल्ट टाकायला सांगतो.

बोल्ट तूर्तास टाकू नका. वर्णनावरून मला कॅम्बरपेक्षा टोचा, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा, संशय जास्त आहे. तोही उभ्या गाडीत बरोबर दिसणारा आणि गाडी चालताना उघडणारा टो. म्हणजे लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, नाहीतर रॅक एंड, म्हणजे स्टीअरिंग रॅकच्या टोकाचा सांधा, यातलं काहीतरी ढिलं आहे. खात्री करायला तासाभराचं काम आहे आणि त्यातला पहिला भाग मशीनशिवाय होतो.

इंजिन बंद करण्याआधी स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे टायरची नक्षी मडगार्डबाहेर येते. आतली कड आधी टॉर्चने बघून घ्या, तार उघडी पडली असेल तर बोटात घुसते. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. कॅम्बरमुळे झिजलेला टायर दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत लागतो, फक्त एका कडेकडे उतरता होत जातो. टोमुळे झिजलेला टायर करवतीसारखा लागतो, एका दिशेने हात सहज सरकतो आणि उलट दिशेने नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार अडते. बाहेरून आत येताना धार अडत असेल तर चाकं पुढून बाहेर उघडली आहेत, म्हणजे टो-आउट. आतून बाहेर जाताना अडत असेल तर टो-इन. कारण साधं आहे: ठोकळा ज्या बाजूला सरपटतो ती कड गोल होते आणि मागची कड धारदार राहते. आतली कड अगदीच गेली असेल तर तिथे काही कळणार नाही, मधल्या दोन पट्ट्यांवर बघा.

टोला मी एवढं महत्त्व देतो त्यामागे हिशेब आहे. एका चाकाचा टो पाव अंश, म्हणजे १५ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं) चुकला, तर त्या चाकाचं तोंड आणि गाडीची चाल यांत दर किलोमीटरमागे सुमारे ४.४ मीटरचा आडवा फरक पडतो. १८,००० किलोमीटरांत तो जवळजवळ ८० किलोमीटर होतो. रबर लवचीक असल्यामुळे हे सगळंच अंतर घासत नाही, पण जेवढं घासतं तेवढं टायर संपवायला पुरतं. कॅम्बर पाव अंशाने इकडेतिकडे असला तर टायरला जेमतेम कळतं. आणि दोन्ही चाकं सारखीच बाहेर उघडली असली की ती एकमेकांना तोलून धरतात. म्हणून तुमचं स्टीअरिंग सरळ राहतं, गाडी ओढत नाही आणि अलाइनमेंट ठीक असल्याचा समज होतो. गाडी न ओढणं हा टो बरोबर असल्याचा पुरावा नाही.

मग मशीनवर हिरवं कसं आलं? मशीन मोजते ती टर्नटेबलवर उभी असलेली गाडी. तिथे ब्रेकचा जोर नाही, इंजिनाची ओढ नाही, खड्डा नाही. लोअर आर्मचा मागचा बुश चिरला असेल तरी उभ्या गाडीत तो आपल्या जागेवर बसलेला असतो. रस्त्यावर ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आर्म ढिल्या बुशमध्ये मागे सरकतो, पण टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा, चाक वळवणारा दांडा) आपल्या जागी राहतो, म्हणून चाकाचं तोंड फिरतं, बहुतेक गाड्यांत बाहेरच्या बाजूला. विजयनगर ते राजवाडा जाऊन यायचं म्हटलं तर किती वेळा ब्रेक दाबता ते मोजून बघा.

आता ढिलेपणा शोधायचा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना वीट लावा, एक बाजू जॅकवर उचला आणि खाली घोडी (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका. चाक घड्याळ समजून ९ आणि ३ वर धरून हलवा. खट् असं काही जाणवलं तर दुसऱ्याला टाय रॉड एंडवर बोट ठेवायला सांगा. तिथे खटका लागला नाही तर रॅकचं रबरी बूट मुठीत दाबून आतला रॅक एंड चाचपा. तो बुटाच्या आत लपलेला असल्यामुळे दुकानात नेहमी सुटतो. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खेळ असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला सांधा) किंवा बेअरिंग. दोन्हींतला फरक ओळखायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

बुश हाताने हलत नाही. लोअर आर्म आणि सबफ्रेम (आर्म ज्या चौकटीला बसतो ती) यांच्यामध्ये टॉमी (पहार) अडकवून हळू जोर द्या आणि रबराकडे बघा. लोखंडी बाही रबरापासून सुटून वेगळी फिरत असेल किंवा चीर उघडत असेल तर बुश गेला. चालत्या गाडीत याची खूण अशी: तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी किंचित एका बाजूला जाते आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला. हे बघायला सुपर कॉरिडॉरचा सपाट, सरळ भाग सकाळी बरा पडतो. गल्लीत किंवा कडेला उतार असलेल्या रस्त्यावर करू नका. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता मधून कडेकडे उतरता असतो, त्यामुळे चांगली गाडीही जराशी डावीकडे झुकते.

बुश बदलताना एक चूक फार जण करतात. गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतात. मग गाडी खाली उतरली की आर्म वर जातो आणि आवळलेल्या बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश काही महिन्यांत पुन्हा चिरतो आणि खापर ‘डुप्लिकेट पार्ट’वर फुटतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून बसवायची आणि मगच आवळायचे. मेकॅनिकला हे आधी सांगून ठेवा, नंतर बोलून उपयोग नाही.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट. आधी केलेलं वाया जातं, कारण टाय रॉड किंवा आर्म सुटला की टो बदललाच. दुकानात गेल्यावर चारही टायरांची हवा दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड असताना भरलेली असावी. उन्हाळ्याच्या दुपारी मोजून ‘जास्त आहे’ म्हणून काढू नका, तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हवा साधारण १ पीएसआय वाढते. डिकीतलं जड सामान काढा. मशीनमध्ये तुमचंच मॉडेल आणि वर्ष निवडलं आहे ना ते स्वतः बघा. चुकीच्या मॉडेलवर सुद्धा सगळं हिरवं येऊ शकतं. मापं घेताना गाडी थोडी मागेपुढे ढकलून रिमचा वाकडेपणा वजा करून घेतात, तो टप्पा गाळू देऊ नका.

आधी मागच्या चाकांची मापं. तुमच्या गाडीत मागे बहुधा सरळ बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल, तिथे स्क्रू फिरवून काही होत नाही. पण मागचा टो एका बाजूला जात असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पुढे कितीही जुळवलं तरी स्टीअरिंग वाकडं बसतं. मग पुढचा कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल), कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. टो जुळवताना स्टीअरिंग लॉकरने सरळ बांधलेलं हवं आणि रॅकच्या बुटाची क्लिप सैल केलेली हवी, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळतं, फाटतं आणि पहिल्या पावसात रॅकमध्ये पाणी जातं.

कागद दोन मागा, ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’. नुसता नंतरचा देणाऱ्याने काय दुरुस्त केलं ते कळायला मार्ग नसतो. त्यावरचे आकडे कधी मिलिमीटरमध्ये असतात, कधी अंश-मिनिटांत. १४ इंची रिमवर एका चाकाची १५ मिनिटं म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, दोन्ही चाकांचे मिळून तीन. हिरवी पट्टी रुंद असते, तेव्हा तिच्या काठावर नको, मध्यावर आणून द्या म्हणावं. दोन मिनिटं जास्त लागतात एवढंच.

तिसऱ्या दुकानदाराचं खरं निघण्याचीही शक्यता आहे. हात फिरवल्यावर दोन्ही दिशांना गुळगुळीत लागलं, कागदावर दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला किंवा एकच टायर खराब असला, तर कॅम्बर बघावा लागेल. तरी पहिला प्रश्न हाच की तो बिघडला कशाने. गाडीच्या पुढच्या स्प्रिंग बसल्या असतील तर कॅम्बर आत झुकतो. स्टीअरिंग अ‍ॅक्सिस, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिच्या आतल्या कलाचा (एसएआयचा) आकडा बरोबर आणि कॅम्बर चुकीचा असेल तर शॉकर किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) वाकलं असावं. दोन्ही चुकले पण त्यांची बेरीज बरोबर असेल तर लोअर आर्म वाकला किंवा सबफ्रेम सरकली. वाकलेला भाग तसाच ठेवून बोल्टने कॅम्बर ओढून आणणं म्हणजे मोडलेल्या हातावर लांब बाहीचा सदरा चढवणं.

बाकीच्या खुणा तुमच्या टायरवर नाहीत, पण ओळखायला ठेवा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच, तर हवा कमी. मध्य झिजला तर हवा जास्त. खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकर गेले किंवा बॅलन्सिंग नाही. बायपासवर ८०-१०० ला स्टीअरिंग थरथरणं हे बॅलन्सिंगचं किंवा वाकलेल्या रिमचं काम, अलाइनमेंटने ते जात नाही. फक्त पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड झिजत असेल तर बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. आपल्याकडे डिव्हायडरचा यू-टर्न आणि चौकातला गोल वळसा, दोन्ही उजवीकडे घ्यायचे असतात, आणि तेव्हा सगळा भार डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. खंडवा रोडवरच्या भेरूघाटात जोरात वळणं घेणाऱ्यांची तर दोन्ही टायरांची बाहेरची कड जाते.

आता हे दोन टायर. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण. आतली कड तिच्या पातळीला आली असेल तर टायर बाद, बाहेरची कड कितीही चांगली दिसो. तार दिसत असेल तर त्यांवर हायवेला जाऊ नका, टायरवाल्यापर्यंत सावकाश न्या. उलटे चढवून ‘अजून पाच हजार निघतील’ असं कोणी सांगेल, ऐकू नका. मागचे दोन समान झिजलेले असतील आणि त्यांची नक्षी ४ मिलिमीटरच्या वर असेल तर ते पुढे घ्या आणि नवी जोडी मागे टाका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं पुढची सुटण्यापेक्षा अवघड जातं. नव्या टायरवरचा चार आकडी कोड बघून घ्या. ३४२४ म्हणजे २०२४ सालचा ३४ वा आठवडा.

नंतर ३,००० किलोमीटरला डेप्थ गेजने पुढच्या टायरांची आतली, मधली, बाहेरची खाच मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि तळहात पुन्हा एकदा आडवा फिरवा. धार परत लागली तर दुकानात जाण्याआधी बुश बघा.