जमीन विकायच्या आधी सिनियॉरिटीचं गणित बघून घ्या, भाऊ

भाऊ, नमस्कार. तुमचा मोठा मेसेज वाचला, दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे भाऊ भुसावळचे, रेल्वेत लोको पायलट, पोरगी बारावी सायन्सला आहे आणि तिला विमानाची पायलट व्हायचंय. रावेरकडे वडिलोपार्जित केळीची जमीन आहे, त्यातली थोडी विकायची, थोडं कर्ज काढायचं, असं करून एक कोटीपर्यंत उभे करायची घरच्यांची तयारी आहे. पण मुंबईचे साडू म्हणाले की या धंद्यात काही खरं नाही, दोन कंपन्या एक झाल्या की सिनियॉरिटी जाते, दहा वर्षं घासून माणूस परत खाली, आणि युनियनवाले आपसातच भांडतात. तर भाऊंचा प्रश्न असा की साडू बरोबर बोलतात का, आणि पोरीने पुढे युनियनमध्ये जावं की लांब राहावं.

साडू चुकीचं बोलत नाहीयेत, पण अर्धं बोलतायत.

सिनियॉरिटी म्हणजे लिस्टमधला आपला नंबर, हे तुम्हाला मी काय सांगू, असिस्टंट ड्रायव्हरचा नंबर गुड्स गाडीला, गुड्सवाल्याचा पॅसेंजरला, तिथून मेलला कधी लागतो हे लिस्टवरच ठरतं ना. विमानातही तसंच, को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानावर कोण जाणार, कोणता बेस, म्हणजे कोणत्या शहरातून ड्युटी, मिळणार, आणि परदेशात बऱ्याच ठिकाणी मंदी आली तर आधी घरी कोण बसणार, हे सगळं त्या नंबरावर. फरक एवढाच की हा नंबर एका कंपनीपुरता असतो. रेल्वेत रिक्वेस्ट ट्रान्सफर घेतली की दुसऱ्या डिव्हिजनला बॉटम सिनियॉरिटी मिळते, तसं इथे स्वतःहून कंपनी बदलली की नंबर शेवटचा, हे सगळे मान्य करतात, त्यावर कोणी ओरडत नाही. भांडण कुठे होतं, तर माणूस जागेवरून हललाच नाही आणि कंपनीच दुसऱ्या कंपनीत गेली तेव्हा. मग दोन लिस्टची एक लिस्ट करायची कशी?

कोणी म्हणतं जॉइनिंगच्या तारखेने लावा. ऐकायला एकदम सरळ वाटतं. पण समजा एक जुनी कंपनी आहे, तिथे पंधरा वर्षं झालेला माणूस अजून को-पायलट, आणि दुसरी नवी वाढती कंपनी, तिथे सहा वर्षांत लोक कॅप्टन झालेत. तारखेने लावलं तर नव्या कंपनीचा कॅप्टन जुन्याच्या को-पायलटच्या खाली जातो. मग दुसरे म्हणतात, तारीख सोडा, आपापल्या लिस्टमध्ये जो ज्या टक्क्यावर होता त्या टक्क्यावर ठेवा, म्हणजे एका कंपनीत हजार आणि दुसरीत पाचशे असतील तर दोनास एक असं गुंफत जायचं. आता पंधरा वर्षंवाला चिडतो. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, म्हणूनच हे मिटत नाही.

अमेरिकेत हे सगळ्यात वाईट झालं ते यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टचं. 2005 ला मर्जर झालं. यूएस एअरवेजवाले जुने, त्यांचे बरेच पायलट कपातीत घरी बसलेले, आणि अमेरिका वेस्टवाले तरुण पण सगळे कामावर. एकमत होईना म्हणून जॉर्ज निकोलाऊ नावाचे लवाद नेमले, त्यांनी 2007 मध्ये निकाल दिला, त्यात जुन्या कंपनीच्या मोठ्या विमानांवरच्या सिनियर लोकांना वर ठेवलं, मधले गुंफले, आणि घरी बसलेल्यांना खाली टाकलं. म्हणजे वर्षानुवर्षं नोकरी झालेला माणूस समोरच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या पोराच्या खाली. मग जुन्यांनी काय केलं, ते संख्येने जास्त होते, त्यांनी मतदान घेऊन युनियनच बदलली, 2008 मध्ये जुनी युनियन काढून आपली नवी आणली, जी म्हणत होती की तारखेनेच लावा. अमेरिका वेस्टवाले कोर्टात गेले. कोर्टाच्या वाऱ्या चालू राहिल्या आणि त्या काळात एकच नाव लावलेल्या कंपनीत दोन गट दोन वेगळ्या करारांवर उडत होते. बघा म्हणजे, जुने तर कंपनी दिवाळखोरीत असताना कापलेल्या पगारावरच अडकून राहिले, कारण एक लिस्ट नाही तर एक करार नाही, आणि करार नाही तर वाढ नाही. 2013 ला अमेरिकन एअरलाइन्सबरोबर पुढचं मर्जर झालं तेव्हा कुठे करार सुधारला, आणि सगळ्यांची मिळून लिस्ट यायला 2016 उजाडलं. नंबरासाठी भांडता भांडता पगार गेला तो गेलाच, तो कोणी परत देत नाही.

आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 ला एक झाले. कागदावर. खाली मात्र दोन युनियन तशाच, एक लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवाल्यांची, दुसरी देशातल्या छोट्या विमानांवाल्यांची. 2011 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडचे संपावर गेले, की आम्हालाही त्यांच्याइतका पगार द्या. 2012 मध्ये एअर इंडियाकडचे गेले, की नव्या ड्रीमलायनरचं ट्रेनिंग त्यांना का देता, ही विमानं तर आमच्या कंपनीने मागवलेली, ते त्यावर आले तर आमचं प्रमोशन मागे पडणार. हा संप 58 दिवस चालला, शंभरावर पायलटना काढलं, युनियनची मान्यता काढून घेतली, शेवटी दिल्ली हायकोर्टात मिटलं. मधल्या काळात न्यायमूर्ती धर्माधिकारींची समितीही झाली होती, दोन्ही बाजूंचं जुळवायला. एकाचं म्हणणं पगार, दुसऱ्याचं प्रमोशन, आणि मॅनेजमेंटने एकदा याची मान्यता काढली एकदा त्याची.

आता अलीकडचं बघा, विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात गेली. त्याआधीच एप्रिलमध्ये नव्या पगाराच्या करारावरून विस्ताराचे पायलट नाराज झाले आणि फ्लाइट्स रद्द होत होत्या. मर्जरच्या वेळी निवृत्तीचं वयही वेगळं, एअर इंडियात 58, विस्तारात 60. बाहेरच्याला वाटेल दोन वर्षांनी काय होतं. पण वरचा कॅप्टन दोन वर्षं जास्त बसला की खालची सगळी लाइन दोन वर्षं थांबते, तुमच्या लॉबीत, जिथे ड्रायव्हर-गार्ड ड्युटीला हजेरी लावतात तिथे, हे कोणालाही विचारा.

आता साडूंचं राहिलेलं अर्धं. मर्जरमध्ये नंबर खाली सरकतो, मान्य, पण नोकरी चालू राहते. किंगफिशर 2012 ला थांबली, जेट 2019 ला, गो फर्स्ट 2023 ला, तिथे नंबर खाली-वर व्हायचा प्रश्नच उरला नाही, लिस्टच संपली, आणि ज्यांना दुसरीकडे काम मिळालं त्यांची सुरुवात नव्या लिस्टच्या तळापासून. म्हणजे भीती घ्यायचीच असेल तर याची घ्या. हातात राहतं ते लायसन्स आणि लॉगबुकमधले तास. ते कोणतीही कंपनी किंवा युनियन काढून घेत नाही.

म्हणून माझं एकच ठाम म्हणणं आहे भाऊ, कर्जाचा हप्ता को-पायलटच्या पगारावर बसतो का ते बघा. एजंट लोक आणि काही क्लासवाले कॅप्टनचा पगार दाखवून गणित करतात, पाचव्या वर्षी कॅप्टन, सातव्या वर्षी कर्ज फिटलं, वगैरे. ते पाचवं वर्ष कोणाच्याच हातात नसतं, एक मर्जर झालं की ते नववं होतं. को-पायलटच्या पगारात हप्ता जात असेल तर मर्जर येवो की न येवो, पोरीला झोप लागेल. आणि लायसन्स हातात आल्यावर पहिली नोकरी लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं, त्या काळातले हप्तेही धरा. तुम्ही एक कोटी लिहिलंय, त्यात टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठराविक मॉडेलचं विमान उडवायच्या वेगळ्या ट्रेनिंगचा, खर्च धरला की नाही ते स्पष्ट लिहून घ्या, बरेच जण तिथेच फसतात.

युनियनचं म्हणाल तर जावं, मी उलट म्हणेन जावंच, तुम्ही स्वतः झेंडा घेऊन उभे राहिलेले दिसताय. पण रेल्वेसारखी मोठी, मान्यता असलेली युनियन खाजगी एअरलाइनमध्ये मिळेल हे धरून चालू नका. 2009 मध्ये जेटच्या पायलटांनी युनियन काढली तर दोघांना काढून टाकलं, मग सगळे आजारी पडल्याची रजा टाकून बसले, तेव्हा कुठे मिटलं. आणि मर्जरच्या वेळी युनियन कोणाची आहे ते बघायचं, कारण ती ज्या गटाची असते त्याच्याच लिस्टसाठी भांडते, आणि नुकतीच लागलेली को-पायलट कोणाच्याच पुढारीपणात मोजली जात नाही. पहिल्या नोकरीत ऑफर लेटरवर सही करायच्या आधी सिनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरणार, ट्रेनिंगला आल्याच्या की ट्रेनिंग संपवून नेहमीच्या फ्लाइट्सवर लागल्याच्या, एवढं तरी तिने विचारावं. नोटीस पिरियडही, को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, 2017 चा नियम आहे, म्हणजे पटत नाही म्हणून आज सोडलं उद्या दुसरीकडे, असं होत नाही.

शिकायला फार लांब जायची गरज नाही, धुळ्याला गोंदूरला, शिरपूरला आणि आपल्या जळगाव विमानतळावर, तिन्ही ठिकाणी फ्लाइंगचं ट्रेनिंग होतं. स्वतः जाऊन बघा, ब्रोशर बघू नका, तिथल्या पोरांना विचारा की मागच्या महिन्यात किती तास उडालात. किती विमानं आहेत आणि त्यातली किती दुरुस्तीला उभी आहेत हेही विचारा, 200 तास व्हायला लागतात आणि विमान उभं तर तास उभे.

पण हे सगळं नंतर. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना एवढं बघा आणि आधी पायलटसाठी लागणारी क्लास टू मेडिकल तपासणी करून घ्या, मग त्याहून कडक क्लास वन. डोळे, रंग ओळखणं, कान, सगळं निघतं त्यात. तोवर रावेरच्या जमिनीचा इसार कोणाकडूनही घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. क्लास वनचा कागद हातात आला की मला मेसेज टाका, मग बँकेचं बघू.