डोनर साइटला चिकटलेली जाळी: माझा अनुभव

वडिलांचं ग्राफ्ट (जखमेवर बसवलेली कातडी) छान बसलंय पण डोनर साइटवरची, म्हणजे ती कातडी जिथून काढली त्या मांडीवरची जाळी (ड्रेसिंगचं जाळीदार कापड) सहाव्या दिवशी घट्ट चिकटलीय, ती काढून नवीन ड्रेसिंग लावायचं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी मांडी आठवली. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

माझं ग्राफ्ट पोटरीवर होतं, त्यामुळे सगळं लक्ष तिकडेच. डिस्चार्जच्या कागदावर पोटरीबद्दल पानभर सूचना, मांडीबद्दल एक ओळ नाही. फोन केला तर "तारखेला या" म्हणून ठेवून दिला. शेवटी चौथ्या दिवशी मी भलत्याच दवाखान्यात ड्रेसिंग बदलायला गेलो, ही माझी सगळ्यात मोठी चूक. तिथल्या माणसाने जाळीचं टोक चिमट्यात धरलं आणि कोरडीच ओढली. जाळीच्या आतल्या बाजूला पातळ गुलाबी पापुद्रा आला होता आणि मांडीवर रक्ताचे बारीक बारीक टिपके. तो पापुद्रा म्हणजे नवी येणारी कातडी, केसांच्या मुळांपासून पसरणारी, हे मला नंतर सर्जननी सांगितलं. दोनेक आठवड्यांत भरणारी जखम पाच आठवडे चालली. अजून राग येतो, एक ओळ लिहायला काय जात होतं?

म्हणून माझं मत, मी डॉक्टर नाही आणि वडिलांना शुगर असेल तर गोष्ट वेगळी: जाळी कोरडी असेल, वास नसेल, तर केवळ नवीन ड्रेसिंग लावायचं म्हणून ती सोलू नका. खाली कातडी आली की कडा आपोआप सुटतात, सुटलेला भाग तेवढा कात्रीने कापायचा. वास, पू, हिरवट डाग, ताप, आजूबाजूला वाढती लाली यातलं काहीही असेल तर मात्र आजच दाखवा, आणि जाळी काढायचीच झाली तर सलाइनने भरपूर वेळ भिजवून, हे आधीच बोलून घ्या.

जाळीऐवजी वापरतात ती नवीन प्रकारची ड्रेसिंग चांगली असतात, पण पहिल्या दिवसापासून लावली तर. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या १४ हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता, २८९ पेशंट, सहा प्रकारची ड्रेसिंग. हायड्रोकोलॉइडवाल्यांची (ओलावा शोषून जेलसारखी होणारी चिकट पट्टी) जखम साधारण १६ दिवसांत भरली, बाकीच्यांना २३ च्या आसपास लागले, जाळीवाल्यांत इन्फेक्शन जवळपास दुप्पट, आणि दुखणं सगळ्यात कमी पारदर्शक फिल्मखाली. फिल्मखाली पाणी साचून गळतं, आणि हायड्रोकोलॉइडखाली पिवळट चिकट द्राव होतो, त्याला थोडा वास पण असतो, तो पू समजून घाबरायला होतं. समुद्री शेवाळापासून बनवलेलं अल्जिनेट रक्त थांबवायला चांगलं, पण वाळलं की तेही चिकटतं.

जखम भरल्यावर खाज प्रचंड सुटते, तेव्हा मॉइश्चरायझर लावत राहा आणि तो भाग उन्हापासून झाका.

रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, फरक डॉक्टरांना दाखवता येतो. आणि जाळी ओली आहे का, वास येतोय का, ते आधी इथे लिहा.